मांजराचा पिंड निराळा

घरात उंदीर, घूस, झुरळे आणि डास नसावेत, ही इच्छा गृहस्थाश्रमाइतकीच जुनी आहे. तिच्या पूर्तीसाठी मनुष्याने दोन मदतनीस योजले. एक मांजर आणि दुसरे विष. दोघांचे काम एकच असले तरी त्यांचे एकमेकांशी कधी पटले नाही. उंदरासाठी ठेवलेले विष मांजराच्या पोटात जाते, डासांसाठी फवारलेले औषध त्याच्या अंगाला लागते, आणि फरशी निर्मळ करणारे द्रावण त्याच्या पंजांवाटे जिभेवर येते. आपल्याकडे या विषयाकडे शेजारणीने सांगावयाच्या घरगुती सूचनांपलीकडे कोणी पाहिले नाही. वस्तुतः त्याला इतिहास आहे, आणि त्यातील दोन प्रकरणे तर आपल्या हैदराबाद शहराशी आणि आपल्या वऱ्हाडाशी निगडित आहेत. तो इतिहास थोडक्यात मांडावा आणि त्यातून आजच्या गृहस्थाने काय घ्यावे हे सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिले प्रकरण क्लोरोफॉर्मचे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी हे हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख होते. शस्त्रक्रियेच्या वेळी क्लोरोफॉर्म दिल्याने रोगी दगावतो तो श्वास थांबल्यामुळे की हृदय बंद पडल्यामुळे, हा त्या काळी युरोपातील वैद्यांमध्ये मोठ्या वादाचा विषय होता. लॉरी यांचा पक्ष श्वासाचा होता. निजाम सरकारच्या आश्रयाने १८८८ साली त्यांनी एक आयोग नेमला. त्याचे निष्कर्ष लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्राला पटेनात, तेव्हा निजामांनी १००० पौंड देऊ करून इंग्लंडहून तज्ज्ञ पाठविण्याची विनंती केली. त्यानुसार १८८९ साली लॉडर ब्रंटन हैदराबादला आले आणि दुसरा आयोग बसला. या आयोगाने चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग केले. त्यांत कुत्रे आणि माकडे यांच्याबरोबर घोडे, शेळ्या, ससे आणि मांजरेही होती. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदयाला थेट धोका नाही, म्हणून श्वासावर लक्ष ठेवावे म्हणजे झाले, असा निर्वाळा देण्यात आला. हैदराबादचे नाव जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत गेले.

परंतु हा निर्वाळा पूर्ण नव्हता. १९११ साली लंडनमध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले, की क्लोरोफॉर्मची गुंगी हलकी असताना हृदयाचे ठोके एकाएकी विस्कळीत होऊन क्षणात मृत्यू येऊ शकतो. लेव्ही यांचे हे प्रयोग मांजरांवर होते. मुख्यतः कुत्र्यांच्या आधारे हैदराबादेत जे निसटले ते लंडनला मांजरांत दिसले. त्या मुक्या जिवांना झालेल्या यातनांचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही. एका प्राण्याला जे मानवते ते दुसऱ्याला मानवेलच असे नाही, हा धडा मात्र या वादातून घेण्याजोगा आहे. पुढील सर्व इतिहास या एका वाक्याभोवती फिरतो.

दुसरे प्रकरण प्लेगचे. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग काही वर्षांत दख्खनभर पसरला आणि निजामाच्या राज्यातील मराठवाड्याच्या जिल्ह्यांतही पोचला. गावाबाहेर झोपड्या बांधून राहिल्याच्या कथा आपल्यापैकी बहुतेक घराण्यांत आजी-पणजीच्या तोंडून ऐकलेल्या असतात. हैदराबाद शहराने तर १९०८ साली मुसीचा प्रलय पाहिला आणि पाठोपाठ प्लेगही अनुभवला. त्यातूनच १९१२ साली ‘आराईश-ए-बल्दा’ म्हणजे शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले आणि दाट वस्त्या मोकळ्या करण्याचे काम हाती घेण्यात आले.

प्लेग उंदरांमुळे पसरतो आणि उंदराच्या अंगावरील पिसू तो माणसात आणते, हे तोपर्यंत वैद्यकाला कळून चुकले होते. साहजिकच उंदीर मारण्यासाठी सापळे आले आणि विषे आली. त्या वेळी अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन यांनी एक वेगळाच विचार पुढे आणला. वऱ्हाड तेव्हा इंग्रजांच्या कारभारात असले तरी नावाने निजामाचेच होते. ब्युकॅनन यांनी गावोगावच्या मांजरांची मोजदाद करविली आणि ज्या गावांत घरोघरी मांजरे आहेत तेथे प्लेगचा उपद्रव कमी, असे आपले निरीक्षण नोंदविले. १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा या विषयावरील लेख प्रसिद्ध झाला. प्रख्यात जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनीही त्याच सुमारास या उपायाचा पुरस्कार केला होता. शासकीय सेवेत असताना आम्ही नाना प्रकारच्या गणत्यांचे तक्ते पाहिले आणि भरले. मांजरांचा रकाना मात्र त्यांत कधी पाहिला नाही. वऱ्हाडातील मांजरांना तो मान शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मिळाला होता!

ब्युकॅनन यांचा उपाय सर्वस्वी निर्दोष नव्हता हेही सांगितले पाहिजे. मांजरालाही प्लेग होतो आणि क्वचित त्याच्यापासून माणसाला होतो, हे आज आपल्याला माहीत आहे. तथापि त्यांच्या मांडणीत एक व्यवहारज्ञान होते. लोकांच्या मनाविरुद्ध घरात विष पेरण्यापेक्षा लोकांना आवडणारा प्राणी घरात असू द्यावा, हे ते व्यवहारज्ञान. मांजर मारल्यास सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, ही समजूत महाराष्ट्रात घरोघर होती. हैदराबादेत आपले शेजारी असलेल्या मुसलमान कुटुंबांतही मांजराविषयी असाच कोवळेपणा आढळतो. पैगंबरांचे एक निकटवर्ती सहकारी अबू हुरैरा यांचे हे नावच मांजराच्या पिलावरून पडलेले आहे. आणि मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला मिळालेल्या शिक्षेची कथा हदीसमध्ये येते. शालीबंडा असो वा काचीगुडा, वाड्याच्या भिंतीवरून इकडून तिकडे जाणाऱ्या मांजराला दोन्ही घरी दूध मिळत असे.

जुन्या वाड्यात विषे नव्हतीच असे समजणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. उंदरांसाठी सोमल होता, पुढे पिवळ्या फॉस्फरसचे मलम आले, आणि धान्याच्या कोठीत पाऱ्याच्या गोळ्या ठेवण्याची चालही होती. फरक इतकाच, की विष हे विष म्हणूनच ओळखले जाई आणि कुलपात राही. रोजच्या स्वच्छतेची साधने म्हणजे राख, शिकेकाई, रिठा, चिंच, शेणाचे सारवण, धान्यात कडुलिंबाचा पाला आणि संध्याकाळी धूप किंवा लोबान. मांजर दिवसभर या घरात वावरे आणि अंग चाटून स्वच्छ करी. त्याच्या जिभेला लागून लागून काय लागणार, तर थोडी राख!

हे चित्र पालटले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. पाउल म्युलर यांनी १९३९ साली डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून काढला आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. पाठीवर पंप घेतलेली पथके, भिंतींवर उमटणारे पांढुरके डाग आणि दारावर लिहिलेली फवारणीची तारीख आमच्या पिढीला चांगली आठवते. या कार्यक्रमाने लाखो माणसांचे प्राण वाचविले, हे नि:संशय. ज्या शहराच्या बेगमपेठेत रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला, त्या शहराच्या रहिवाशांनी तरी ते विसरू नये.

तथापि भिंतीला अंग घासणाऱ्या आणि मग ते अंग चाटणाऱ्या मांजराचा विचार कोणी केला नव्हता. जगात ठिकठिकाणी फवारणीनंतर मांजरे मरू लागली. जावा बेटाच्या मध्य भागात मांजरांची किंमत दुपटीहून अधिक झाली. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील शेल्डन या गावी डिल्ड्रिन या विषाच्या फवारणीनंतर पहिल्याच हंगामात शेतांवरील सुमारे ९० टक्के मांजरे नाहीशी झाली. रेचेल कार्सन यांनी १९६२ सालच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात या दोन्ही घटनांची नोंद केली आहे. बोर्निओ बेटातील सारवाकमध्ये मांजरे संपल्यावर उंदीर माजले, आणि मार्च १९६० मध्ये ब्रिटिश हवाई दलाने बारिओ या दुर्गम गावी हवाई छत्रीने मांजरे उतरविली. ही कथा सांगताना मांजरांचा आकडा १४,००० पर्यंत फुगविला जातो. प्रत्यक्षात ती विसाच्या आसपास होती. आकडा लहान असला तरी अर्थ लहान नाही. विषाने ज्या मदतनिसाला घराबाहेर काढले त्याला परत आणण्यासाठी विमान पाठवावे लागले.

मांजराच्या मरणाकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे जपानमधील मिनामाता या कोळी गावाने जगाला दाखविले. तेथील मांजरे १९५० नंतरच्या काही वर्षांत झटके येऊन वेड्यासारखी नाचू लागली आणि मेली. पाठोपाठ माणसांनाही तोच आजार झाला, आणि १ मे १९५६ रोजी त्याची अधिकृत नोंद झाली. चिस्सो कंपनीच्या इस्पितळाचे प्रमुख डॉ. होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून मांजरांना दिले. १९५९ च्या ऑक्टोबरात त्यांच्या ४०० क्रमांकाच्या मांजरात तीच लक्षणे दिसली. कंपनीने हा निष्कर्ष दडपून ठेवला आणि सरकारने कारखान्याच्या पाऱ्यावर अधिकृतपणे ठपका ठेवला तो १९६८ साली. मांजर माणसाचेच अन्न खाते, माणसाच्याच जमिनीवर बसते, पण देहाने लहान असते. म्हणून घरातील विषाची पहिली वर्दी पुष्कळदा तेच देते. त्याला जपणे ही केवळ भूतदया नाही, तो स्वतःच्या घरावरील पहारा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माणसाला आणि कुत्र्याला जे सोसते ते मांजराला का सोसत नाही? याचे उत्तर त्याच्या यकृतात आहे. शरीरात आलेल्या अनेक परक्या द्रव्यांना यकृत एक विशिष्ट आम्ल जोडते, मग ती द्रव्ये पाण्यात विरघळून मूत्रावाटे निघून जातात. हे जोडकाम करणाऱ्या वितंचकांपैकी एक मांजरात बनतच नाही. त्याचा जनुक आहे, पण निकामी आहे, हे अमेरिकेतील मायकेल कोर्ट आणि डेव्हिड ग्रीनब्लॅट यांनी २००० साली दाखवून दिले. वाघ-सिंहांचेही तसेच. निव्वळ मांसावर जगणाऱ्या या कुळाला वनस्पतींतील विषारी द्रव्ये पचविण्याची गरज फारशी पडली नाही, म्हणून ती शक्ती गळून गेली असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. ‘मांजराला नऊ जन्म असतात’ असे साहेब म्हणतो. पण फिनाईल, डांबरगोळ्या आणि तापाच्या गोळ्या यांच्यापुढे त्याचा एक जन्मही टिकत नाही. हैदराबादच्या आयोगाच्या वादातून जे सूत्र निघाले त्याचा हा शास्त्रीय खुलासा होय. मांजराचा पिंडच निराळा.

१९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण येथेच राहिलो. पुढे सुलतान बाजार, गौलीगुडा, काचीगुडा येथील कित्येक वाडे पडले आणि त्यांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या. मुले पुण्या-बंगळुराकडे आणि परदेशी गेली. आज आपल्यातील अनेक घरांत दोन वृद्ध माणसे आणि एक मांजर एवढाच परिवार उरला आहे. त्या मांजराचे मोल बाहेरच्याला कळणार नाही. दिवसभरात त्या घरात बोलले जाणारे निम्मे शब्द त्याला उद्देशून असतात. आणि नेमक्या याच घरांत विषांची दाटी अधिक आहे. ती कोठे कोठे आहे हे पाहणे अगत्याचे आहे.

सर्वांत मोठे भय औषधाच्या डब्याचे. तापासाठी वा सांधेदुखीसाठी आपण सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. तिने त्याचे रक्त प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होते, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात आणि तोंड सुजते. ‘बिचारे कण्हत आहे, पाव गोळी देऊ’ हा वात्सल्याचा उपचार प्राणघातक आहे. रक्त पातळ करण्यासाठी वृद्धांना देतात ते वॉर्फरिन १९४८ साली बाजारात आले ते उंदरांचे विष म्हणून. माणसाचे औषध ते १९५४ पासून झाले. त्याच कुळातील पुढची आणि अधिक जालीम विषे आज उंदरांच्या वड्यांत असतात. ती खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला, तर काही दिवसांनी त्याच्याही शरीरात रक्तस्राव सुरू होऊ शकतो. काळसर पूड मिळते ती झिंक फॉस्फाइडची. ती पोटातील आम्लाशी मिळून विषारी वायू सोडते. धान्यात ठेवायच्या सेल्फॉससारख्या गोळ्यांचा गुणही तोच, आणि त्या तर माणसांनाही जीवघेण्या आहेत. त्या राहत्या घरात आणूच नयेत.

दुसरे भय फरशीचे. काळे फिनाईल, पाइनच्या तेलाचे पांढरे फिनाईल आणि रंगीत बाटल्यांतील जंतुनाशके ओल्या फरशीवरून मांजराच्या पंजांना लागतात. मांजर पंजे चाटते, तोंडात फोड येतात, लाळ गळते. फिनाईल वापरायचेच असेल तर बाटलीवर दिलेल्या प्रमाणातच पाणी घालावे, नंतर साध्या पाण्याने फरशी पुसावी आणि ती वाळेपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवावे. कपाटातील डांबरगोळ्यांऐवजी कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड ठेवावे, तेही मांजराच्या तोंडी लागणार नाही असे. मुंग्यांच्या खडूच्या रेघा मांजराच्या वाटेवर ओढू नयेत. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर टाकावयाचे परमेथ्रिनचे थेंब मांजराला कदापि लावू नयेत; त्याने ते थरथरू लागते, त्याला झटके येतात, आणि पुष्कळदा ते वाचत नाही. निलगिरीसारखी सुवासिक तेलेही त्याच्या अंगाला चोळू नयेत.

इतकी काळजी घेऊनही प्रसंग आलाच, तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अंगावर काही सांडले असेल तर ते चाटू न देता कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुवावे. पोटात गेले असेल तर आपल्या घरांतील जुने उतारे, म्हणजे मिठाचे पाणी, दूध किंवा तूप, देऊ नयेत. मिठाचे पाणी स्वतःच अपाय करते, आणि स्निग्ध पदार्थांमुळे काही विषे अधिक वेगाने शोषली जातात. बाटली, वडी किंवा गोळ्यांची पट्टी, जे असेल ते बरोबर घेऊन तत्काळ पशुवैद्याकडे जावे. राजेंद्रनगरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि नारायणगुड्याचे शासकीय पशुवैद्यकीय रुग्णालय शहरात आहेत. लवकर पोचल्यास पॅरासिटामॉलवर आणि रक्तस्राव करणाऱ्या विषांवर उतारा आहे. झिंक फॉस्फाइडवर मात्र निश्चित उतारा नाही, म्हणून ते विष घरात नसणे हाच खरा उपाय.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, की मांजरासाठी एवढा उपद्व्याप कशाला? त्यांच्यासाठी कायद्याचा आधारही सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून आला. त्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला जाणूनबुजून अपायकारक द्रव्य देणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला विष देऊन मारणे शिक्षेस पात्र आहे. सदनिकांच्या आवारात ‘मांजरे फार झाली’ म्हणून विष घालण्याचा विचार बोलून दाखविणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. परंतु अजाणता घडणाऱ्या विषबाधेला कायदा पुरा पडत नाही. तेथे गृहिणीचे आणि गृहस्थाचे लक्षच कामी येते.

शिंके तुटले आणि बोक्याचे साधले, अशी आपल्याकडे म्हण आहे. आपल्या आजीने दूध-लोणी मांजरापासून वाचविण्यासाठी शिंके टांगले होते. आज दूध शीतकपाटात सुरक्षित आहे आणि शिंके माळ्यावर धूळ खात पडले आहे. वाचविण्याची पाळी आता मांजराची आहे. फिनाईलची बाटली, उंदरांच्या वड्या आणि उशाशी पडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या उचलून उंच, कुलपाच्या कपाटात ठेवावयास एक सकाळ पुरे. वाचकांनी ती सकाळ उद्याचीच ठरवावी, अशी आमची विनंती आहे.